कूलरची चप्पल

पहिलेच सांगून देते, आमच्या घरात भूत नव्हतं. गल्लीतल्या बायांनी काय काय पसरवलं ते मले सगळं माहीत आहे. कोणी म्हणते, म्हातारी दिवसभर भुताच्या सिरियली पाहाची, त्यातलंच एखादं घरात येऊन बसलं. कोणी म्हणते, मंग पौर्णिमेच्याच दिवशी काहून झालं? स्वतःच्या घरात काय चालून राहिलं ते ज्यांले समजत नाही, त्या आमच्या घरात काय आलं ते सांगून राहिल्या. माझं डोकं तापते. म्हणून मीच सांगते, जसं झालं तसं. आणि सुरुवात त्या बाईपासून करते, कारण लोकांनी तिचं मरण तेवढं पाहिलं, बाई पाहिलीच नाही.

माझ्या सासूबाईंचं नाव अंजनाबाई गजभिये. मी त्यांले आई म्हणायची. आमचं घर नागपुरात, कमाल चौकाच्या मागच्या गल्लीत. सीताबर्डीवर एक टॉकीज होती, आता तिथं मोबाइलची दुकानं आहेत. त्या टॉकीजच्या लेडीज तिकीट खिडकीत आई बसायच्या. मी सून होऊन आली तेव्हा मले वाटलं, बाप्पा, काय मजा असन या बाईची, रोज फुकटात सिनेमा! एकदा विचारलं तर हसल्या. म्हणे, "अवं दीक्षा, एक सिनेमा पुरा नाही पाहिला म्या. खिडकी आन् पडदा, मधात भिंत. तिकडं बायका किंचाळाच्या, दरवाजे कुरकुराचे, कुत्रे रडाचे, आन् मी इकडं तिकिटं फाडत बसाची. भुताच्या सिनेमातलं भूत नाही दिसलं मले कधी. आवाज तेवढा सारा पाठ हाय."

टॉकीज बंद पडली तशा आई घरी बसल्या आणि चिडचिड कराले लागल्या. मंग रितिकाच्या अभ्यासासाठी आम्ही वायफाय घेतलं. रितिका माझी पोरगी, सहावीत आहे. वायफाय आलं पोरीसाठी आणि लागलं आजीच्या कामी. हिंदीत डब केलेल्या सगळ्या सिरियली आईंनी पाहून काढल्या. भुताच्या, अंतराळाच्या, ड्रॅगनच्या. सासू-सुनेची मालिका मात्र कधीच नाही. "भांडण पाहाले टीवी कायले पाहिजे वं? तू हायेस ना घरात," असं म्हणायच्या आणि मले डोळा मारायच्या.

लोकांले वाटते भुताच्या सिरियली पाहाते म्हणजे भूत मानत असन. आमच्या घरात कोणीच मानत नाही. आईंच्या सासऱ्यांनी छप्पन साली बाबासाहेबांसोबत धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवसापासून नाही. "देवच ठेवले नाहीत घरात, तर भुतं कोणाच्या भरोशावर येतीन?" हे आईंचं ठरलेलं वाक्य. त्या पाहायच्या ते परीक्षा घेतल्यासारख्या. संध्याकाळी उन्हं उतरली की ओट्यावर बसून निकाल सांगायच्या. शेजारच्या जिजाबाई लसूण सोलत ऐकायच्या, रितिका आजीच्या मांडीले रेलून.

निकाल बहुतेक नापासाचाच. एक हॉस्टेलमधल्या भुताची हिंदी सिरियल होती, अख्ख्या नागपुरातल्या पोरी पाहून राहिल्या होत्या. आईंनी दोन भाग पाहिले आणि रिमोटनं आवाज बंद केला. ही त्यांची कसोटी. आवाज बंद करून पाहाचं आणि मंग भेव लागते का ते पाहाचं. आवाज गेल्यावर त्या हॉस्टेलात काय उरलं? केस मोकळे सोडून एक पोरगी इकडून तिकडं जाऊन राहिली. "हिची माय तेल लावून देत नाही का?" आईंनी विचारलं. जिजाबाईंच्या हातातला लसूण खाली पडला हसून हसून. "आन् एकही जण लाइट लावत नाही पाहा. बटन भिंतीवर हाय, मोबाइल हातात हाय, तरी अंधारात चालले. अशा लोकांले भुतानं नाही तर कोणी खावं?"

ड्रॅगनच्या सिरियलीवर तर त्यांचा रागच होता. सगळीकडं राजे. बसले की राजा, उठले की राजा, मेले की दुसरा राजा. "एवढ्या मोठ्या किल्ल्यात भांडे कोण घासते?" त्या विचारायच्या. "आन् तो ड्रॅगन. त्याची घाण कोण झाडते? एक बाई झाडू घेऊन दिसली नाही मले अजून. जादूनं होत असन, नाही का!" पण पाहायच्या. शिव्या देत पाहायच्या. रितिकाले ड्रॅगन आवडायचे म्हणून.

अंतराळवालीत एक जहाज होतं. जहाजाची मशीन दर थोड्या वेळानं सांगायची की खाली कुठंतरी बिघाड आहे. कॅप्टन म्हणायचा, नंतर पाहू. पुन्हा लाल लाइट लागायचा, पुन्हा नंतर पाहू. आई कपाळावर हात मारायच्या. "मशीन तोंडानं सांगून राहिली, तरी याचं नंतर पाहू! मरा मंग." त्याच सिरियलीत एक डॉक्टर होता, त्याच्या अंगात काहीतरी शिरलं होतं. दुसऱ्यानं विचारलं, बरा आहेस ना? तो म्हणाला, हो. आई लगेच रितिकाकडं वळल्या. "खोटं बोलला. पाहिलं? विचारल्याबरोबर उत्तर दिलं. खऱ्या माणसाले आठवाले टाइम लागते वं. जो लगेच सांगते, त्यानं उत्तर पहिलेच बनवून ठेवलं असते." पुढच्या भागात डॉक्टरच्या पोटातून ते निघालं, आणि रितिकानं आजीकडं असं पाहिलं जशी आजीनंच ते लिहिलं होतं.

एकच सिरियल आईंनी पास केली. कोरियातली होती, आम्ही तिले लिफ्टवाली म्हणायचो. एक मोठी बिल्डिंग. तिथली लिफ्ट कधीकधी जिथं मजलाच नाही तिथं थांबते. दरवाजा उघडते. बाहेर काहीच नसते, भिंतही नाही. कोणीतरी वाकून पाहाते आणि दरवाजा बंद होते. तो घरी परत येते तेव्हा घरातला एक माणूस कमी असते, आणि बाकीच्यांले आठवतही नाही की असा कोणी होता. आईंनी आवाज बंद करून पाहिलं. भरदुपार होती, खिडकीतला कूलर घरघर करून राहिला होता. लिफ्टचा दरवाजा उघडला आणि आईंनी पाय वर घेतले. त्या दिवशी पहिल्यांदा मी आईंले भ्यालेलं पाहिलं. मंग म्हणाल्या, "याच्यात भेव हाय. खरं भेव आवाज करत नाही."

त्याच लिफ्टवालीत एका माणसाचा हात दरवाजात सापडते. आतून काहीतरी त्याले ओढून राहिलं असते. त्याची बायको धावते, त्याले धरते, आणि दोघंही आत जातात. आई टीव्हीशी बोलून राहिल्या होत्या. "धावू नको. धावू नको वं बाई. गेली!" मंग रितिकाले जवळ घेतलं. "ऐक. पकडलेल्या माणसाले हात नाही लावाचा. पहिले पाहाचं, त्याले कशानं पकडलं. मंग ते बंद कराचं. जो धावला तो गेला."

"आणि तोपर्यंत तो मेला तर?" रितिकानं विचारलं.

"तर एक मेला. धावलं तर दोन मरतात."

"पण आजी, तो तिचा नवरा होता ना."

"म्हणून तर सांगून राहिली," त्या म्हणाल्या. "परक्यासाठी कोणी धावत नाही."

मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि ओरडली, काय वं आई, पोरीले काहीही शिकवता! तेव्हा मले तो सिरियलीवरचा टाइमपास वाटला.

आता कूलरचं सांगते. नागपुरात उन्हाळा म्हणजे कूलर. होळी झाली की गच्चीवरून खाली येते, बाजूची वाळ्याची खस बदलते, खिडकीत बसते आणि पाऊस पडेपर्यंत हलत नाही. आमचा लोखंडी बॉडीचा, इथंच बनवलेला, हवा जबरदस्त. पण त्याच्या बॉडीत करंट यायचा. हात लागला की झिणझिणी. बाहेरचे लोक ऐकून घाबरतात, इथं कोणी घाबरत नाही. प्रत्येक घरी थोडाफार झटका मारणारा कूलर असतेच, आणि त्याच्या बाजूले रबरी चप्पल असते. कूलरची चप्पल. ती पायात घालाची आणि मंग पाणी भराचं, पंप हलवाचा, काय कराचं ते कराचं. पाहुणे आले तरी आम्ही अगोदर तेच सांगायचो, पाणी घ्या, बसा, आणि तिकडं गेले तर चप्पल घालून जा. आमची निळी होती, टाच घासून पातळ झालेली.

बटन बंद कराले काय जाते, असं तुम्ही म्हणान. टीव्ही, वायफाय आणि कूलर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर होते, आणि तो बोर्ड कूलरच्या मागं. बंद केलं की सगळंच बंद, आणि वायफाय पुन्हा सुरू व्हाले जीव खाते. म्हणून कोणीच बंद करत नव्हतं. चप्पल होती ना.

मागच्या वर्षी पंखा दुरुस्त कराले ओमप्रकाश आला होता. आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन. त्यानं टेस्टर लावला आणि मागं सरकला. "भाभी, बॉडी में करंट है. घर में अर्थिंग ही नहीं है. आँगन में गड्ढा खोदना पड़ेगा." आता अंगणात आम्ही नुकत्याच टाइल्स लावल्या होत्या. माझा नवरा नागसेन बुटीबोरीत सूतगिरणीत आहे. तिथं हेल्मेट घातल्याशिवाय आत पाय ठेवू देत नाहीत, हातमोजे, बूट, भिंतीवर सूचना. घरी आला की तोच माणूस म्हणे, नव्या टाइल्स फोडू का? उन्हाळा संपतच आला, पुढच्या वर्षी पाहू.

मी भांडली. चांगली कडाडून भांडली, गल्लीनं ऐकलं. यंदा होळीनंतर कूलर खाली आला तेव्हा पुन्हा विचारलं, गड्डा कधी खोदता?

"या रविवारी," नागसेन म्हणाला.

"लगेच बोलला," आई पलंगावरून म्हणाल्या, आणि आजी-नात दोघी हसून लोटपोट.

मले हसू नाही आलं. मी म्हटलं, "आई, हसा तुम्ही. तुमच्या त्या अंतराळवाल्या कॅप्टनचंच चाललं आहे घरात. नंतर पाहू, नंतर पाहू."

"चप्पल हाय ना वं," आई म्हणाल्या.

जगातल्या सगळ्या सिरियलींच्या चुका काढणारी बाई. सातासमुद्रापारच्या लोकांले ओरडून सांगायची, लाइट लावा, आत जाऊ नका, मशीनचं ऐका. आणि स्वतःच्या पाठीमागं झिणझिण करणारी ती वस्तू तिले दिसली नाही. मले अजूनही कधीकधी आईंचाच राग येते. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. येते तर काय करू?

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी आई नेहमीच लवकर उठायच्या. समोरची खोली धुऊन काढायच्या. त्याच खोलीत टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच खोलीच्या खिडकीत कूलर. वंदना झाल्यावर दिवसभर त्या खोलीत चप्पल येऊ द्यायच्या नाहीत. दर वर्षीचा नियम. त्यांनी स्वतः ती निळी चप्पल उचलून बाहेर ओट्यावर ठेवली. मी पाहिलं. पाहूनही त्यात काही दिसलं नाही, कारण दर वर्षी तसंच व्हायचं.

सकाळी आम्ही सगळे विहारात गेलो. पांढऱ्या साडीत आई बऱ्या दिसत होत्या. उन्हं चढली तशी त्यांले गरगराले लागलं, म्हणून रितिकाले घेऊन त्या घरी परतल्या. मी आणि नागसेन खीर वाटाले थांबलो. मोठी रांग होती. मी पोरीले सांगितलं, आजीले लिंबूपाणी दे आणि झोपू दे.

नागपुरातली मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिली नाही, त्याले मी काय सांगू? रस्ता पांढरा होते. गल्लीत माणूस नाही, कुत्रं नाही, सगळे दरवाजे लावलेले. प्रत्येक खिडकीतून कूलरची घरघर, तेवढाच एक आवाज. आई म्हणायच्या, "भूत रात्रीच काहून येते? हिंमत असन तर नागपुरात दुपारी येऊन दाखव म्हणा. कोणाले ऐकूही नाही जाणार."

पुढचं मले रितिकानं सांगितलं, तेही एकदम नाही, तुकड्या-तुकड्यानं. ड्रॅगनवाली लागली होती. कूलर एकदम गरम हवा फेकाले लागला, म्हणजे पंप अडकला होता. पंपात खसाचा कचरा बसते, पाण्यात हात घालून हलवला की सुरू होते. रितिका उठून राहिली तर आई म्हणाल्या, तू बस, मी पाहाते. सकाळी धुतलेल्या खोलीत, कूलरखाली पाणी साचलेलं होतं. आई उघड्या पायानं गेल्या.

"आजी, चप्पल," रितिका म्हणाली.

"आज नाही आणत वं इथं," आई म्हणाल्या, आणि हात घातला.

आवाज आला नाही. हेच ती पुन्हा पुन्हा सांगते. आजी ओरडली नाही, पडली नाही, काही नाही. नुसती उभी राहिली. पोरीले वाटलं पंप पाहून राहिली. मंग तिनं आजीचा दुसरा हात पाहिला, तो थरथरून राहिला होता. मंग आजीचं तोंड तिच्याकडं वळलेलं पाहिलं.

रितिका उठली, आणि धावली नाही. तिनं पहिले पाहिलं, आजीले कशानं पकडलं. बोर्ड कूलरच्या मागं, आजीच्या पलीकडं, पाण्यात उभं राहिल्याशिवाय हात पोचत नाही. मेन स्विच बाहेर मीटरजवळ, उंच. तिनं स्वयंपाकघरातून स्टूल आणला, ओढत नेला, वर चढली आणि मेन पाडलं. घरघर थांबली. टीव्ही गेला. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि तेव्हा ती धावली.

त्यानंतर ती किंचाळत राहिली, पण ऐकणार कोण? सगळ्यांचे कूलर चालू. तिनं जिजाबाईंचा दरवाजा लोटला, आत जाऊन त्यांले झोपेतून हलवून उठवलं. आम्ही विहारातून पोचलो तोवर आईंले ऑटोत टाकून दवाखान्यात नेलं होतं. तिथं डॉक्टरनं नुसती मान हलवली. माझ्या हाताले अजून खिरीचा वास येत होता.

जिजाबाईंनी दवाखान्यात पोरीले विचारलं, तू काय केलं बेटा? पोरगी खरं बोलली. म्हणाली, मी धावली नाही. बस्स. तेवढेच शब्द गल्लीत फिरले. इतकी मोठी पोरगी उभी राहून पाहात होती म्हणे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, गेलेल्या माणसासाठीच्या वंदनेले, घर भरलं होतं. कुहीहून नागसेनची चुलत बहीण आली होती. ती हळूच नाही, चांगल्या मोठ्यानं म्हणाली, "जराशी ओढली असती तर वाचली असती माय."

माझ्या अंगात आग झाली. मी सगळ्यांसमोर उभी राहिली. "ओढली असती तर आज दोन फोटो असते इथं! समजते का तुम्हाले? दोन! माझी पोरगी जिवंत आहे कारण तिच्या आजीनं तिले शिकवलं होतं. तुम्ही काय शिकवलं आपल्या पोरांले?" मी वळून पाहिलं तर रितिका दरवाजामागं उभी होती. तिनं दोन्ही ऐकलं होतं, त्यांचंही आणि माझंही. त्या दिवसापासून तिचं बोलणं जवळजवळ बंद झालं. विचारलं तर हो, नाही. जेवलीस? हो. झोपलीस? हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागसेननं कोणाले न विचारता घण घेतला आणि अंगणातल्या टाइल्स फोडल्या. रडत रडत फोडल्या. ओमप्रकाशनं खोल गड्डा खोदला, प्लेट ठेवली, वरून मीठ आणि कोळसा टाकला, पुन्हा मीठ, पुन्हा कोळसा. भिंतीवरून बाया पाहून राहिल्या होत्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं की गजभियांनी अंगणात मीठ-कोळसा गाडला, काहीतरी बंदोबस्त करून घेतला. मी बाहेर आली आणि ओरडली, "अर्थिंग आहे ते, अर्थिंग! तुमच्याही घरात नाही, जाऊन पाहा!" जिजाबाई तेवढ्या खाली पाहात राहिल्या. बाकीच्यांनी खिडक्या लावल्या. आमच्या गल्लीत दुसरा गड्डा अजून कोणी खोदला नाही. प्रत्येक कूलरच्या बाजूले चप्पल मात्र आहे.

पाऊस आला, कूलर वर गेला. आणि मंग लिफ्टवालीचा तिसरा सीझन आला. आई दोन वर्षांपासून त्याची वाट पाहून राहिल्या होत्या. "अर्ध्यावर सोडतात मेले, माणूस मधात मेलं तर?" असं म्हणायच्या. नागसेन म्हणाला, या घरात आता असलं काही लागणार नाही. मी म्हटलं, लागन. ज्या सिरियलीनं पोरगी वाचली ती लागन. एका रविवारी दुपारी मी रितिकाले जवळ बसवलं आणि टीव्ही लावला. तिनं रिमोट घेतला आणि आवाज बंद केला.

आम्ही दोघी मुक्यानं पाहात बसलो. तीच बिल्डिंग, तीच लिफ्ट. मले काही फारसं समजत नव्हतं, मी पोरीकडंच पाहून राहिली होती. मंग एका म्हाताऱ्या बाईचा पदरासारखा काही कपडा दरवाजात अडकला, आणि एक लहान पोरगी तिच्याकडं निघाली.

"धावू नको," रितिका म्हणाली. हळू, अगदी आजीसारखं. तिच्या तोंडून इतक्या दिवसांत आपणहून निघालेले ते पहिले शब्द. मले वाटलं, सुटली पोरगी यातून एकदाची.

तिनं टीव्हीवरून नजर काढली नाही. "आई," ती म्हणाली, "आजी माझ्याकडं पाहून राहिली होती."

"मले माहीत आहे बेटा."

"मी स्टूल आणाले गेली तेव्हाही. परत आली तेव्हाही. सारखी माझ्याकडंच. तिचे डोळे मले नको म्हणून राहिले होते, का ये म्हणून राहिले होते?"

मी तिथं नव्हती. मी खीर वाटून राहिली होती. त्या डोळ्यांत काय होतं ते फक्त या पोरीनं पाहिलं, आणि आता या जगात कोणीच ते सांगू शकत नाही.

"नको म्हणून राहिले होते," मी म्हटलं. लगेच म्हटलं. तिचं वाक्य संपलं नव्हतं तोच म्हटलं.

रितिकानं मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं. कितीतरी वेळ पाहात राहिली. आजीनं शिकवलेलं तिले सगळंच पाठ आहे.